कान (ठासणीच्या बंदुकीचा)

कान : ठासणीच्या बंदुकीच्या किंवा तोफेच्या नळीला, मागच्या बंद टोकाजवळ पाडलेले बारीक आरपार छिद्र. बाहेरची आग या वाटेने आतल्या दारूपर्यंत पोचते आणि बार होतो. यालाच ‘काना’ असेही म्हणतात. पुढे टोपीची बंदूक आली तेव्हा या छिद्रावर निपल बसले, पण काम तेच राहिले. नळी कितीही उत्तम असो, कान नीट पाडलेला नसेल तर ती नुसती लोखंडी पोकळी. प्रस्तुत नोंदीत कान आणि त्याभोवतीचे पेटवणीचे भाग यांचा विचार पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस मुसळधार पडतो, आणि कानाचा खरा वैरी पाणीच.

राजगडाच्या संजीवनी माचीवर तटातून खाली रोखलेल्या जंग्या (तटातली छिद्रे) आजही पाहता येतात. गडाखालून येणाऱ्यावर बंदूक चालवण्यासाठीच त्या ठेवलेल्या. पद्मावती माचीवर दारूकोठार आहे. या दोन जागांमधले अंतर चालून गेले की जुन्या बंदुकीची सगळी अडचण पायांना कळते : कोठारातली कोरडी दारू जंगीपर्यंत कोरडीच पोचली पाहिजे आणि तिथे धुक्यात, झडीत पेटलीही पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याची तजवीज बारकाईने सांगितली आहे. दारूखाना घरांपासून दूर असावा, दारूला सर्दी लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, आणि पावसाळ्यात तोफांना तेल-मेण देऊन त्यांचे कान मेणाने बुजवावेत. राज्यकारभाराच्या ग्रंथात एका छिद्राला जागा मिळाली, ती उगीच नव्हे. कान उघडा राहिला तर एका रात्रीच्या पावसात तोफ मुकी होते. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानात मेख ठोकत, त्यामागेही हेच ज्ञान.

पेटवणीची सर्वांत जुनी तऱ्हा तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात मुरवून वाळवलेली, सावकाश धुमसत राहणारी सुती दोरी. कानाला लागून नळीच्या बाजूला एक छोटा प्याला असे. त्यात रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक प्याल्यात टेके, रंजक भडके आणि तिची ज्वाळा कानातून आत जाई. रंजक भडकली पण आतली दारू पेटलीच नाही, असे वारंवार घडे. कानात काजळी साचून वाट बंद झालेली असे. म्हणून अनेक हिंदी बंदुकांच्या दस्त्याला साखळीने एक बारीक सळई अडकवलेली दिसते. ती कान टोकरण्यासाठी. ठासणीचा गज सर्वांच्या नजरेत भरतो, ही सळई मात्र कोणी विचारत नाही. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच लागत.

या कामात पश्चिम किनाऱ्याचे कारागीर पुढे होते. गोव्याच्या लोहारांच्या बंदुका बोहेमियाच्या तोडीच्या असल्याचे पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. शिवकाळातल्या पायदळाविषयी इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की घाटमाथ्याचे मावळे तलवारीत तरबेज, तर कोकणचे हेटकरी बंदुकीचे नेमबाज. मावळातला माणूस पात्यावर विसंबला याची इतरही कारणे असतील, पण हवामान विसरता येणार नाही. १२-१३ जुलै १६६० ला शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले, ती रात्र आठवावी. हिरडस मावळातले, म्हणजे आजच्या भोर भागातले बांदल त्या वाटेवर लढले. भर पावसात धुमसती दोरी आणि उघड्या प्याल्यातली रंजक सांभाळत धावायचे, हे कोणत्याही बाजूच्या बंदूकवाल्याला जवळजवळ अशक्यच होते.

पुढे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीने जळता तोडा गेला, पण उघडा प्याला राहिला. मे १८४१ मध्ये चीनमध्ये कँटनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात अडकली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका चालेनात. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका असलेले मरीन सैनिक धाडावे लागले. याआधी १८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे दोन्ही तऱ्हांची तुलना झाली होती. सहा हजार बारांमागे चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा पेटल्या नाहीत, टोपीच्या ३६ वेळा. दारू, गोळी, नळी यांत क्रांती झाली नव्हती. फरक एवढाच की पेटवण झाकली गेली.

टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी. तिच्या तळाशी आघाताने पेटणारे रसायन चिकटवलेले असते. कोकणात तिला ‘केप’ म्हणतात, आणि बंदुकीला केपाची बंदूक. पाऱ्याचे असे स्फोटक संयुग एडवर्ड हॉवर्ड याने १८०० मध्ये लोकांपुढे मांडले. आघाताने पेटणाऱ्या बंदुकीचे पेटंट अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये घेतले. पाण्यावर बदके टिपताना रंजकेचा भपका पाहून ती उडून जात, म्हणून त्याने हा शोध लावला असे सांगतात. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांत रूढ झाली. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ च्या उठावाची ठिणगी पडली, ती ठासणीचीच आणि टोपीचीच. १८६६ पासून तिच्या मागच्या टोकाला झडप लावून तिची स्नायडर रायफल करण्यात येऊ लागली, आणि सैन्यातला ठासणीचा जमाना संपत आला. खेड्यांतला संपला नाही. सैन्यात जेमतेम पंचवीस-तीस वर्षे टिकलेली ही रचना शेतकऱ्याच्या घरात दीड शतक राहिली.

टोपीच्या बंदुकीत पेटवणीचे भाग तीन : घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा), निपल आणि निपलापासून दारूपर्यंतची वाट. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर प्रत्येक भाग सुटा उत्तम असूनही बार फुसका निघतो. निपल म्हणजे वर निमुळती, खाली आट्यांची पोकळ पोलादी खुंटी. तिचा खांदा बैठकीवर सर्व बाजूंनी सपाट टेकायला हवा. वायू अडवण्याचे काम आट्या एकट्या करू शकत नाहीत, खांद्याची बैठकही तेवढीच महत्त्वाची. बैठक एका बाजूने उचललेली असेल तर प्रत्येक बाराला तप्त वायू फटीतून निसटतो, आट्या खातो, आणि शेवटी निपलच उडून नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकते. आट्यांचा नमुना जुळत नसताना ‘जवळपासचे’ निपल दाबून बसवणे हा या कामातला सर्वांत घातक उतावळेपणा आहे. निपलाचे खालचे छिद्र फार बारीक असते, साधारण पाऊण मिलिमीटर. वापरून ते झिजून मोठे होते, मग उलट्या वायूचा दाब वाढून घोडा मागे रेटला जातो.

निपलाचा निमुळतेपणा आणि टोपीचे माप यांचेही जुळावे लागते. टोपी सैल असेल तर चालताना गळून पडते. घट्ट असेल तर पूर्ण खाली बसत नाही. मग घोड्याचा पहिला तडाखा तिला फक्त खाली बसवतो, दुसरा पेटवतो. शिकाऱ्याला दुसरी संधी क्वचितच मिळते. घोड्याच्या तोंडात खोलगट वाटी असते. फुटलेल्या तांब्याचे तुकडे तिने अडवायचे असतात. त्यासाठी घोडा निपलाच्या बरोबर मध्यावर, त्याच्या अक्षाशी सरळ रेषेत पडला पाहिजे. तिरका पडला तर वाटीची कड निपलावर आपटून ते चेपते आणि तुकडे डोळ्यांकडे उडतात. जुन्या बंदुकीतला निपलाचा एका बाजूने चपटा झालेला माथा हीच गोष्ट सांगतो.

चकमकीच्या कितीतरी बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. प्याला काढायचा, कान मोठा करून त्यात आट्यांचे छोटे पोकळ नळकांडे बसवायचे आणि त्यावर निपल उभे करायचे, अशी ही स्वस्त पद्धत. तिचा दुबळेपणा म्हणजे नळकांडे नळीच्या बाहेर आडवे लटकते आणि घोड्याचा प्रत्येक घाव त्याला खाली वाकवतो. चांगला कारागीर म्हणून कळीच्या (चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या) पत्र्यात खोबण काढून नळकांड्याला खालून आधार देई. नळीच्या मागच्या तुकड्यातच निपलाची बैठक घडवणे कितीतरी भक्कम, पण खर्चिक. आतली वाट काटकोनात वळते. त्या वळणात तेल किंवा काजळी राहिली की टोपी फुटते, बार होत नाही. किंवा क्षणभर थांबून होतो. असे झाले तर नळी निशाणाच्या दिशेलाच धरून थांबणे, हा जाणत्यांचा अबाधित नियम.

वेल्ह्यासारख्या ठिकाणी झीज गंजातून जास्त होते. दारूच्या जळक्या मळीत आणि जुन्या टोप्यांच्या अवशेषात क्षार असतात, ते हवेतले पाणी ओढून घेतात. नुसते तेल चोळून भागत नाही. ही मळी पाण्यातच विरघळते. त्यामुळे गरम पाण्याने धुऊन, पुरते कोरडे करून मगच तेल द्यायचे. भातखाचरांच्या कडेला, नाचणी-वरईच्या उतारांवर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदूक लागायची ती पावसाळ्याच्या दमट महिन्यांत.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच कायद्याने विनापरवाना शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे वा त्यात बदल करणे यांना मनाई केली आहे. म्हणजे निपल बदलून देणाऱ्या लोहारालाही परवाना हवा. शिवाय रानडुक्कर मारायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा अन्यत्र जुनी बंदूक पाहताना नजर दस्त्यावरच्या नक्षीवरून कानाकडे न्यावी. तिथे प्याल्याचे बुजवलेले स्क्रू, नळकांड्याचा जोड, झिजून पसरलेले छिद्र किंवा नव्या धातूची भर दिसली, तर ती बंदूक केव्हा बदलली, किती चालली आणि किती जपली गेली हे बरेचसे वाचता येते.