शिक्षकाचे शाळेबाहेरील वर्तन : पुणे ते तळेगाव, एक ऐतिहासिक विवेचन (१८४८–१९१०)

प्रस्तावना

शिक्षकाच्या अध्यापनाचे तास वेळापत्रकाने ठरतात. समाजातील त्याचे स्थान मात्र शाळा सुटल्यानंतरच्या वागण्यानेही ठरत असते. मावळ तालुक्यातील परंदवडीसारख्या गावात शिक्षक कोणाशी बोलतो, कोठे बसतो, सार्वजनिक प्रश्नावर काय मत देतो, याकडे विद्यार्थी आणि पालक दोघांचेही लक्ष असते. म्हणूनच शिक्षकाने आदर्श असावे, अशी अपेक्षा सर्वत्र व्यक्त होते. परंतु आदर्श वर्तन म्हणजे नेमके काय आणि ते कोणी ठरवायचे, याचा विचार क्वचितच होतो. परंदवडीजवळच्याच तळेगाव दाभाडे येथे विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाने एका शाळेचे अस्तित्व पणाला लागले होते. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा, तिच्या आधीच्या परंपरेसह विचार केला आहे.

लोकनिंदा आणि शिक्षक

सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा रस्त्याने जाता-येता त्यांच्यावर शेण-चिखल फेकला गेला. तत्कालीन सनातनी समाजाच्या दृष्टीने त्यांचे वर्तन सदाचाराला सोडून होते. पुढे १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंचे निधन झाले. वर्गात दिलेली शिकवण त्यांनी वर्गाबाहेर आयुष्यभर आचरली. आज त्यांना आदर्श शिक्षिका मानले जाते. त्या काळी मात्र ही मान्यता त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

१८९३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तथापि महाविद्यालयातील त्यांचे स्थान टिकले आणि १९१४ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. लोकमत विरोधी असताना संस्था शिक्षकामागे उभी राहिली, तर केवढे कार्य घडू शकते, याचे हिंगणे येथील संस्था हे उदाहरण होय.

व्रत आणि वाद

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. संस्थेच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचे बंधन स्वतःहून स्वीकारले. हेच शिक्षक 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रेही चालवीत. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. शिक्षेमुळे त्यांची समाजातील प्रतिष्ठा कमी झाली नाही. उलट ती वाढली.

मात्र सदस्यांनी संस्थेबाहेर कोणती कामे करावीत व त्यातून उत्पन्न मिळवावे काय, यावर त्यांच्यातच मतभेद झाले. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, अशी टिळकांची भूमिका होती. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर हा वाद विकोपाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला. हा वाद कोणत्याही सरकारी नियमातून उद्भवला नव्हता. शिक्षकाच्या वेळेवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न शिक्षकांनीच परस्परांना विचारला होता. टिळक आणि आगरकर यांची सामाजिक सुधारणेविषयीची मतेही परस्परविरोधी होती. तरीही दोघेही विद्यार्थ्यांना आदर्श वाटत. यावरून आदर्श होण्यासाठी मतांची एकवाक्यता आवश्यक नसते, हे स्पष्ट होते.

तळेगावचे समर्थ विद्यालय

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले विष्णु गोविंद विजापूरकर हे मातृभाषेतून राष्ट्रीय शिक्षण देण्याचे पुरस्कर्ते होते. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीत त्यांचे समर्थ विद्यालय उभे राहिले आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. 'विश्ववृत्त' मासिकाचे संपादनही ते करीत. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेले वामन मल्हार जोशी त्यांचे दोन्ही ठिकाणचे सहकारी होते.

याच सुमारास, मे १९०७ मध्ये, हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थी व शिक्षक यांच्या राजकीय सहभागावर निर्बंध आणले. शिक्षकाचे शाळेबाहेरील मत हा आता प्रशासकीय शिस्तीचा विषय बनला. १९०८ मध्ये 'विश्ववृत्ता'त श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्याबद्दल विजापूरकर आणि जोशी यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडले. वर्गाबाहेर लिहिलेल्या शब्दांची किंमत वर्गातील विद्यार्थ्यांनाही मोजावी लागली.

आजचे नियम

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षकाच्या वर्तनाला कायद्याची चौकट मिळाली. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवण्यांची मनाई केली. या तरतुदीमागील तत्त्व १८९० च्या वादाशी जुळणारे आहे : शिक्षकाच्या पदाचा व वेळेचा उपयोग खाजगी लाभासाठी होऊ नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मुख्यालयी राहावे, हा आग्रहही याच संदर्भात पाहावा लागतो. शिक्षक गावात राहतच नसेल, तर त्याचे शाळेबाहेरील वर्तन विद्यार्थ्यांना दिसणार कोठून? तथापि केवळ घरभाड्याच्या दाखल्यापुरते वास्तव्य आदर्श निर्माण करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन बाबी वेगळ्या कराव्या लागतात. विद्यार्थ्याच्या विश्वासाचा किंवा शिक्षकपदाचा स्वार्थासाठी उपयोग करणे ही पहिली बाब. तेथे नियम कठोरच हवेत. सार्वजनिक प्रश्नांवर विवेकाने मत मांडणे व त्याप्रमाणे वागणे ही दुसरी. तिला गैरवर्तन ठरविण्यापूर्वी संस्थाचालकांनी आणि प्रशासनाने सावित्रीबाई, कर्वे व विजापूरकर यांचा इतिहास आठवावा. त्यांच्या काळातील प्रचलित सदाचाराच्या कसोटीवर हे तिघेही अनुत्तीर्ण ठरले असते. आचारसंहिता तयार करताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर निरुपद्रवी शिक्षक पुष्कळ मिळतील. परंतु विद्यार्थ्यांनी ज्यांच्याकडे पाहून जगावे असे शिक्षक दुर्मीळ होतील.