तरुण चालकासाठी स्वस्त कार विमा : हप्ता कुठे कमी होतो आणि कुठे कमी करू नये

पंचविशीच्या आतल्या चालकाला कारचा विमा महाग पडतो, म्हणून पॉलिसीवर वडिलांचे किंवा आईचे नाव मुख्य चालक म्हणून घाला, असे सांगणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरत असतात. हा सल्ला मूळचा ब्रिटन-अमेरिकेतला आहे. तिथे चालकाचे वय आणि अनुभव पाहून हप्ता ठरतो, त्यामुळे विशीतल्या मुलाला खरोखरच जास्त पैसे मोजावे लागतात. भारतातली पद्धत वेगळी आहे. इथे विमा मुख्यतः गाडीचा आणि तिच्या मालकाचा असतो. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती ती गाडी चालवू शकते. त्यामुळे २१ वर्षांच्या मालकाचा आणि ५० वर्षांच्या मालकाचा हप्ता इथे फारसा वेगळा नसतो, आणि त्याच्या एका भागात तर एक रुपयाचाही फरक नसतो.

सरकारने ठरवलेला भाग

हा भाग म्हणजे थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. त्याचे दर केंद्र सरकार इंजिनाच्या क्षमतेनुसार जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. इलेक्ट्रिक कारचा दर याहून कमी आहे. नव्या कारसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून हा नियम लागू आहे. विमा घेताना त्या दिवशीचा दर पाहावा, पण कंपनी बदलून या भागात काहीच वाचत नाही. ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असे कोणी म्हणत असेल तर सावध व्हावे, कारण बनावट पॉलिसीही अशाच विकल्या जातात.

घासाघीस करता येते ती दुसऱ्या भागात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हा विमा ओन डॅमेज या नावाने ओळखला जातो. २००७ पासून त्याचे दर कंपन्या स्वतः ठरवतात. त्यामुळे एकाच गाडीसाठी चार कंपन्या चार आकडे सांगतात.

हिवरे बाजारचा पत्ता आणि वर्षाचे किलोमीटर

अहिल्यानगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवरच्या हिवरे बाजारात एखाद्या तरुणाने पहिली गाडी घेतली, तर तिचा नंबर एमएच-१६ असेल. हा नंबर त्याच्या थोडा फायद्याचा ठरतो. विम्याच्या जुन्या दरपत्रकात मुंबई, पुण्यासह आठ महानगरे ‘ए’ विभागात होती आणि उरलेला देश ‘बी’ विभागात. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या कारचा मूळ दर ‘ए’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘बी’ विभागात ३.१९१ टक्के होता. पाच लाखांच्या गाडीवर हा फरक ४६० रुपयांचा होतो. आता कंपन्या या मूळ दरावर आपापली सूट देतात, पण विभागांची ही कल्पना टिकून आहे. विभाग नोंदणीच्या ठिकाणावरून ठरतो.

त्याहून मोठा फरक वापरातून पडतो. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ या धर्तीच्या विम्याला परवानगी दिली. त्यासाठी वर्षभरात गाडी किती चालेल याचा अंदाज आधी सांगावा लागतो. हिवरे बाजारचा मुलगा रोज नगरला कामाला किंवा कॉलेजला गाडीने जात असेल, तर वर्षातले ३०० दिवस धरून १०,२०० किलोमीटर होतात. त्याला या योजनेचा विशेष उपयोग नाही. गाडी फक्त आठवड्याच्या बाजाराला निघत असेल, तर हिशेब १,८०० किलोमीटरच्याही आत राहतो. अशा घराने ही चौकशी जरूर करावी. पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून मग पिके ठरवणाऱ्या गावाला किलोमीटरचा हिशेब अवघड जाऊ नये! मात्र लग्नसराई आणि देवदर्शनाच्या फेऱ्या त्यात धरायला विसरू नये, कारण ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर ओन डॅमेजचे संरक्षण कमी होऊ शकते किंवा थांबू शकते. नेमके काय होते, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. थर्ड पार्टीला ही मर्यादा लागू नसते.

स्वस्त दिसणारा आकडा

ऑनलाइन तुलना करताना सगळ्यात कमी हप्ता बऱ्याचदा सगळ्यात कमी आयडीव्हीमुळे दिसतो. आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यातली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम त्यावरूनच ठरते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत ही किंमत साधारण २० टक्के आणि पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत ५० टक्के कमी धरली जाते. पाच लाखांची गाडी साडेतीन लाखांची दाखवली की हप्ता उतरतोच. म्हणून सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच आयडीव्हीवर मागावेत, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. शोरूममध्ये सांगितलेला आकडाही त्यातच धरावा. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही.

नवख्या चालकाने झिरो डेप मात्र लगेच काढून टाकू नये. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी निम्मेच पैसे देते, आणि नवखा हात पहिल्यांदा घासतो तो बंपर प्लास्टिकचाच असतो. बाकीच्या जोड संरक्षणांपैकी अनेक वगळता येतात. नुकसानीतला थोडा जास्त वाटा स्वतः सोसायची तयारी दाखवली तर हप्त्यात सूट मिळते. पण तेवढे पैसे ऐनवेळी हाताशी असतील तरच तो मार्ग घ्यावा.

खरी बचत नो क्लेम बोनसमध्ये आहे. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एक दावा केला की ती शून्यावर येते. ३,००० रुपयांच्या डेंटिंगसाठी दावा केला तर लहान कारमध्ये सक्तीचे १,००० रुपये आधी वजा होतात. उरलेल्या दोन हजारांसाठी पुढची काही वर्षे सूट गमावणे परवडत नाही. पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तरीही हा बोनस जातो.

हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुनी गाडी घेताना ‘पन्नास टक्के बोनस चालू आहे’ असे विकणारा म्हणत असेल, तर तो बोनस त्याच्याबरोबर जातो. घेणाऱ्याने तो स्वतःचा म्हणून सांगितला, तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा आणि आरसीही नावावर करून घ्यावी. पहिली गाडी जुनीच घेणाऱ्या तरुणांचे दावे याच कागदांपाशी अडकतात.

गाडी वडिलांची, चालवणारा मुलगा

गावाकडे ही सर्वांत नेहमीची स्थिती, आणि गैरसमजही इथेच जास्त. मुलाकडे वैध लायसन्स असेल तर त्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तरी विमा लागू होतो. पण मुलाचे स्वतःचे काय? पॉलिसीबरोबरचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालक-चालकासाठी असतो, म्हणजे वडिलांसाठी. मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवणारा त्या गाडीच्या विम्यापुरता ‘तिसरा पक्ष’ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०२० च्या निकालांत स्पष्ट केले आहे. चूक समोरच्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विम्यावर दावा करता येतो. पण मुलगा एकटाच झाडावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळला, तर घरच्यांच्या हाती वडिलांच्या पॉलिसीतून काहीच न येण्याची शक्यता असते.

यावर उपाय म्हणजे मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा. तोही परवडत नसेल तर बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापली जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी असावी. अपघाती मृत्यूला तीत दोन लाख रुपये मिळतात. ज्याच्या नावावर स्वतःची गाडी आहे आणि आधीच १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे, त्याला मोटार पॉलिसीत तो पुन्हा घ्यावा लागत नाही. तेवढा हप्ताही वाचतो.

केवळ थर्ड पार्टी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खासगी कारमध्ये बसलेले मित्र-नातेवाईक त्या विम्यात सहसा येत नाहीत. फुल इन्शुरन्समध्ये ते येतात. मित्रांना घेऊन फिरणाऱ्या मुलासाठी दोन्हींतला हा फरक हप्त्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे.

पांढऱ्या पाटीच्या गाडीने पैसे घेऊन शिर्डी-शिंगणापूरच्या फेऱ्या मारणे किंवा डिकीत विक्रीचा माल वाहणे पॉलिसीच्या अटींत बसत नाही. अशा फेरीत अपघात झाला तर गाडीच्या दुरुस्तीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

विमाच नसेल तर

विम्याविना गाडी चालवण्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये आहे, म्हणजे लहान कारच्या वर्षभराच्या थर्ड पार्टी हप्त्याएवढाच. म्हणून ‘पकडले तर बघू’ असा हिशेब काही जण करतात. तो चुकतो, कारण अपघातात कोणी दगावले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण लाखांत भरपाई ठरवते आणि ती मालकाला स्वतः भरावी लागते. न भरल्यास कलम १७४ नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकरी घराला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. चालकाकडे लायसन्सच नसेल तर अनेक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. चालक अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

दावा चुकीने नाकारला असे वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.