कणसांतला क्रांतिकारक : पांडुरंग खानखोजे आणि कृषिविद्येची एक पदवी

१/२०
मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची एक जुनी वास्तू आहे. तिच्या चौकांभोवतीच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात भित्तिचित्रे रंगवली. त्यांपैकी एकाच्या नावाचा अर्थ ‘आमची रोजची भाकरी’ असा होतो. मेजाभोवती माणसे जमली आहेत आणि एक सावळा पुरुष पाव मोडून वाटतो आहे. हा चेहरा वर्ध्याच्या एका मराठी माणसाचा असल्याचे सांगितले जाते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

२/२०
खानखोजे हे नाव इतिहासप्रेमींना गदर चळवळीमुळे ठाऊक असते. बंदूक, गुप्त पत्रव्यवहार, वेषांतर, पलायन असे सारे त्या कथेत आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची निम्म्याहून मोठी कमाई वेगळ्याच क्षेत्रातली होती. ते एका कृषी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी होते आणि पुढे दुसऱ्या एका कृषी महाविद्यालयाचे प्राध्यापक झाले. हा धागा त्या दोन शिक्षणसंस्थांमधल्या प्रवासाचा आहे.

३/२०
प्रारंभ विदर्भातून करावा लागतो. खानखोजे यांचे बालपण वर्ध्याच्या परिसरात गेले. त्या काळात हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस आगगाडीने मुंबईच्या बाजारात जात होता आणि त्याच मुलखात १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. रेल्वे होती, पीक विकले जात होते, तरी माणसे अन्नावाचून मरत होती. त्या पिढीच्या तरुणांना पारतंत्र्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही.

४/२०
लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण लष्करी शिक्षणाच्या शोधात देशाबाहेर पडला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. पडेल ते काम करून त्याने पोट भरले आणि कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत प्रवेश मिळवला. मात्र सैनिकी विद्येबरोबरच त्याने आणखी एक विषय निवडला. तो विषय होता शेती.

५/२०
ही निवड तेव्हा एकट्या खानखोजे यांची नव्हती. १९०६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याला इलिनॉय विद्यापीठात कृषिविज्ञान शिकण्यासाठी पाठवले. बॅरिस्टर किंवा आय.सी.एस. होण्यासाठी विलायतेला जाण्याच्या त्या काळात हा निर्णय चाकोरीबाहेरचा होता. देश खेड्यांत राहतो, तर खेड्याला उपयोगी पडेल अशी विद्या आणावी, हा विचार बंगालात आणि महाराष्ट्रात एकाच सुमारास मूळ धरत होता.

६/२०
मग अमेरिकाच का? त्याचे उत्तर १८६२ च्या एका कायद्यात आहे. अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केलेल्या मॉरिल कायद्यान्वये प्रत्येक राज्याला, त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर या हिशेबाने, केंद्राच्या मालकीची जमीन मिळाली. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. ही बहुतेक जमीन मूळ अमेरिकी जमातींकडून घेतलेली होती, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

७/२०
या महाविद्यालयांचे वैशिष्ट्य त्यांच्या रचनेत होते. वर्गात अध्यापन, १८८७ च्या कायद्यानंतर जोडीला प्रयोगक्षेत्रावर संशोधन आणि त्या संशोधनाचा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत प्रसार, अशी तीन कामे हळूहळू एका छत्राखाली आली. प्राध्यापकाने पायाला माती लावून घेणे तेथे कमीपणाचे मानले जात नसे. खानखोजे काही काळ ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून १९१३ मध्ये त्यांनी पदवी घेतली.

८/२०
त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या भारतीय मजुरांची व विद्यार्थ्यांची संघटना आकाराला आली. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ या पत्राचा पहिला अंक निघाला आणि चळवळीला तेच नाव पडले. लाला हरदयाळ लेखणीची बाजू सांभाळत होते. खानखोजे यांच्याकडे प्रामुख्याने सशस्त्र तयारीची बाजू होती. पदवीचा कागद हाती आला, तेव्हा त्याचा उपयोग करण्याची वेळ मात्र आली नव्हती.

९/२०
१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. गदरचे अनेक सैनिक भारताकडे निघाले. त्यांत पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते. उठावाचा बेत फुटला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी पिंगळे, कर्तारसिंग सराभा व त्यांचे सहकारी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खानखोजे यांनी वेगळी वाट धरली होती. तुर्कस्तानमार्गे ते इराणात शिरले आणि इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तेथील टोळ्यांत मिसळले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले.

१०/२०
युद्ध संपले तेव्हा हा मनुष्य कोणत्याही देशाचा उरला नव्हता. भारतात परतणे म्हणजे फास किंवा काळे पाणी. युरोपात बर्लिन, पुढे मॉस्को अशी भ्रमंती झाली. सहकाऱ्यांपैकी काही गेले, काही विखुरले. गुप्त संघटना, शस्त्रे, परदेशी सरकारांची आश्वासने यांतले काहीच हाताशी राहिले नाही. जे कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते ते एकच उरले होते : शेतीचे ज्ञान.

११/२०
१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर पूर्वी त्यांचा मेक्सिकन मजुरांशी परिचय झाला होता आणि १९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीविषयी त्यांच्या मनात आस्था होती. त्या क्रांतीचा गाभा जमीन हाच होता. १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाने मोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना सामायिक जमीन देण्याचा मार्ग खुला केला. जमीन मिळू लागली. ती कसावी कशी, हे शिकवणारी माणसे हवी होती.

१२/२०
मेक्सिकोची राष्ट्रीय कृषिशाळा १८५४ मध्ये सान हासिंतो येथे स्थापन झाली होती. क्रांतीनंतर ती चापिंगो येथे हलवण्यात आली. चापिंगोची ही मालमत्ता पूर्वी एका माजी राष्ट्राध्यक्षाची जहागीर होती. ज्या वाड्यातून वेठबिगारांवर हुकूम सुटत, त्याच वाड्यात आता शेतकऱ्यांची मुले शिकू लागली. माणसाचे नव्हे, जमिनीचे दोहन करायला येथे शिकवले जाते, अशा अर्थाचे घोषवाक्य या संस्थेने स्वीकारले. खानखोजे येथे प्राध्यापक झाले.

१३/२०
त्यांचे मुख्य काम मक्यावर होते. मका ही मेक्सिकोचीच जगाला देणगी आहे. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून हजारो वर्षांच्या निवडीतून तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी तो घडवला. तेओसिंतेचे कणीस बोटाएवढे, दाणे मोजके आणि कठीण कवचाचे असतात. पण त्या झाडाला फुटवे भरपूर येतात आणि प्रतिकूल हवामानात ते तग धरते. हे रानटी गुण पिकात परत आणता येतील काय, हा खानखोजे यांच्या संकरप्रयोगांमागचा प्रश्न होता. गव्हावरही त्यांनी काम केले.

१४/२०
या प्रयोगांचे दस्तऐवजीकरण करणारी व्यक्तीही असाधारण होती. मूळची इटालियन असलेली छायाचित्रकार तीना मोदोत्ती तेव्हा मेक्सिकोत राहत होती. कॅमेऱ्याच्या इतिहासात जिचे नाव आदराने घेतले जाते, तिने खानखोजे यांच्या मक्याच्या कणसांची आणि त्यांच्या शेतकरी विद्यार्थ्यांची छायाचित्रे काढली. १९३० मध्ये मेक्सिकोच्या सरकारने तिला देशाबाहेर घालवले. ती छायाचित्रे मात्र आजही त्या कामाचा पुरावा म्हणून टिकून आहेत.

१५/२०
चापिंगोच्या वर्गाबाहेर खानखोजे यांनी आणखी एक काम उभे केले. त्याचे नाव ‘मुक्त कृषिशाळा’. प्रौढ शेतकऱ्यांसाठी, त्यांच्याच गावात, शुल्काविना चालणारे हे वर्ग होते. त्यांतील एका शाळेला क्रांतिकारक एमिलियानो सापाता यांचे नाव होते. बियाणे निवडणे, मातीची पारख, रोगांपासून पिकाचे रक्षण असा सरळ उपयोगाचा अभ्यास तेथे असे. ज्ञान बांधापर्यंत नेण्याचा अमेरिकी महाविद्यालयांतला धडा आणि भूमिहीनांच्या राजकारणाचा भारतीय-मेक्सिकन अनुभव या शाळांत एकत्र आलेला दिसतो.

१६/२०
१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. पुढे दोन मुली झाल्या. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. चार दशके ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला, तेव्हा खानखोजे यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि स्वतंत्र भारताच्या दप्तरात ती यादी तशीच पुढे आली होती. पुढे हा निर्णय फिरवण्यात आला. खानखोजे परतले आणि नागपुरात स्थायिक झाले.

१७/२०
येथे एका लोकप्रिय दाव्याचा विचार आवश्यक आहे. ‘मेक्सिकोच्या हरितक्रांतीचा जनक मराठी माणूस’ अशी वाक्ये समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतात. कालानुक्रम पाहिला तर चित्र वेगळे दिसते. रॉकफेलर प्रतिष्ठानाचा कृषी कार्यक्रम मेक्सिकोत १९४३ मध्ये सुरू झाला आणि मिनेसोटा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये तेथे रुजू झाले. या कार्यक्रमाचे प्रयोगक्षेत्र चापिंगोच्याच जमिनीवर होते. जागा एक, पण बुटक्या गव्हाचे वाण बोरलॉग यांच्या पथकाचे.

१८/२०
दोन्ही प्रयत्नांची दिशाही भिन्न होती. बोरलॉग यांच्या गव्हाला पाणी आणि रासायनिक खत यांची जोड लागे. ती मिळाली की उत्पादन झपाट्याने वाढे. खानखोजे यांचा शेतकरी कोरडवाहू तुकड्यावरचा, हाती पैसा नसलेला होता. म्हणून एकाचे श्रेय दुसऱ्याला देणे हा दोघांवरही अन्याय ठरतो. खानखोजे यांचे कर्तृत्व उसन्या पदवीवाचून पुरेसे मोठे आहे : क्रांतीने दिलेली जमीन पिकती राहावी, यासाठी त्यांनी एका परक्या देशातील शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत शिकवले.

१९/२०
१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. लेर्मा रोहो आणि सोनोरा ही त्यातली नावे. भारतात या बियाण्याचा आग्रह धरणाऱ्यांत एम. एस. स्वामिनाथन अग्रभागी होते आणि तेही कोइमतूरच्या कृषी महाविद्यालयाचे १९४७ चे पदवीधर. ते बियाणे उत्तर भारतात त्या रब्बीत पेरले गेले. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे यांचे निधन झाले, तेव्हा मेक्सिकोतून आलेला तो गहू शेतांत उभा होता. १९६८ मध्ये सरकारने गहू क्रांतीचे टपाल तिकीट काढले. ते पाहायला खानखोजे नव्हते.

२०/२०
सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो विद्यापीठाच्या आवारात लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या संस्थेत त्यांनी शिकवले, तिने त्यांची आठवण जपली. महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी करतात तेव्हा पदे, पारितोषिके आणि वेतने यांची नोंद होते. वर्ध्याच्या या पदवीधराची नोंद करायची तर त्या यादीत एक वेगळा रकाना आखावा लागेल : शिकलेली विद्या कोणाच्या शेतापर्यंत पोहोचली?