कर्नल एडवर्ड सॅलोमन आणि शिकागोची यहुदी कंपनी



माझे पणजोबा मुंबई इलाख्याच्या पायदळात सुभेदार होते. लहानपणी मी आजीबरोबर त्यांची पदके पुसत असे. आपल्या बेने इस्राएल घराण्यांपैकी अनेकांत अशी पदके असतील. म्हणूनच अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका यहुदी अधिकाऱ्याची हकीकत आज आपणांपुढे ठेवावीशी वाटते.

एडवर्ड सॅलोमन यांचा जन्म १८३६ साली श्लेस्विग येथे झाला. तरुणपणी ते अमेरिकेत आले आणि शिकागोत स्थायिक होऊन नगरसेवक झाले. १८६१ मध्ये उत्तरेकडील संघराज्य आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये यांच्यात युद्ध पेटताच ते स्वयंसेवक पायदळात दाखल झाले. पुढील वर्षी फ्रेडरिक हेकर यांनी ८२ वी इलिनॉय पलटण उभारली, तेव्हा सॅलोमन तिचे लेफ्टनंट कर्नल झाले. पलटणीत बहुतेक जर्मन स्थलांतरित होते. शिकागोच्या यहुद्यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये अवघ्या काही दिवसांत दहा हजार डॉलरहून अधिक निधी जमवला आणि आपल्या तरुणांची एक संपूर्ण कंपनी या पलटणीला दिली.

पलटण सैन्यात रुजू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १७ डिसेंबर रोजी संघराज्याचेच सेनापती युलिसिस ग्रँट यांनी आपल्या अखत्यारीतील टेनेसी विभागातून सर्व यहुद्यांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. काही व्यापाऱ्यांवरील आरोपाचा ठपका साऱ्या समाजावर आला. केंटकीतील पडुका गावच्या यहुदी कुटुंबांना घरे सोडावी लागली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापर्यंत गाऱ्हाणे पोहोचताच, जानेवारी १८६३ मध्ये त्यांनी तो हुकूम रद्द करविला.

ही पलटण तेव्हा व्हर्जिनियात असल्याने तो हुकूम तिला लागू नव्हता. परंतु ज्या वर्दीसाठी आपण मरायला निघालो, तीच वर्दी आपल्या बांधवांना घराबाहेर काढते, हे ऐकून त्या तरुणांना काय वाटले असेल?

पलटण लढतच राहिली. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला कर्नल हेकर जखमी झाले. जुलैत गेटिसबर्गच्या तीन दिवसांच्या संग्रामात पलटणीचे नेतृत्व सॅलोमन यांनी केले. पहिल्या दिवशी गावातून माघार घ्यावी लागली. पुढे सेमेटरी हिलची टेकडी मात्र राखली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटनूगा येथे ही पलटण ग्रँट यांच्याच सेनापतित्वाखाली लढली. नंतर अटलांटाची मोहीम झाली, समुद्रापर्यंतची शर्मन यांची कूच झाली. युद्धाअखेर सॅलोमन यांना ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळाला.

तो हुकूम आपण विचार न करता काढला, हे ग्रँट यांनी पुढे मान्य केले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८७० साली त्यांनी सॅलोमन यांना वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर नेमले.

या नेमणुकीने पडुकाच्या कुटुंबांचे दुःख पुसले गेले, असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या निष्ठेवर शंका घेतली गेली असतानाही या माणसांनी आपले कर्तव्य सोडले नाही आणि अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचेही सोडले नाही. आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.