तंजावर मुलखांतील फिडल आणि परक्या चाली

तंजावरचें नांव निघालें कीं मराठी माणसास सरस्वती महालांतील पोथ्या आठवतात. परंतु त्या मुलखांतील कलावंतांनीं साता समुद्रांपलीकडील चाली व वाद्य कसें आपलेसें केलें, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं.

दुसरे सरफोजीराजे इ. स. १७९८ मध्यें गादीवर आले. पुढच्याच वर्षीं राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हातीं विद्या व कला एवढेंच उरलें. श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखींत वाढलेल्या ह्या राजांनीं दरबारीं विलायती वाद्यांचा बँड ठेविला.

त्याच सुमारास तंजावर मुलखांतील तिरुवारूरचें दीक्षित घराणें मद्रासजवळ मणली येथें राहत होतें. कंपनीच्या बँडवर इंग्रजी व आयरिश चाली वाजत. धाकटे बालुस्वामी एका युरोपियनाकडे फिडल शिकले. थोरले मुत्तुस्वामी ह्यांनीं त्या चालींवर संस्कृत पदें बांधिलीं. 'नोट्टुस्वर' म्हणतात तीं हींच. संख्येनें सुमारें चाळीस. इंग्लंडच्या राजाकरितां देवाजवळ जें मागणें त्या चालींत होतें, तिच्यावरच 'सन्ततं पाहि माम्' हें देवीचें स्तवन बसलें! आयरिश 'लिमरिक' चालीचें 'वन्दे मीनाक्षि' झालें.

ह्या पदांस पोरांचे पाठ समजून पंडित बाजूस सारतात. तें अन्यायाचें आहे. गमकांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्या रचनाकारानें येथें स्वर सरळ ठेविले, आलापाचा पसारा मांडला नाहीं, शंकराभरणाचे म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे सूर घेतले आणि अक्षरें ठोक्यावर चोख बसविलीं. परक्या चालीचा मान राखावयाचा तर काय करूं नये, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

फिडलच्या बाबतींत मात्र सारेंच पालटलें. वादक मांडी घालून बसला. वाद्याचें डोकें उजव्या घोट्यावर टेकलें, दुसरें टोंक छातीशीं आलें. वाद्य सांभाळण्याच्या कामांतून डावा हात सुटला, आणि पडदे नसलेल्या तारेवर बोट हवें तसें सरकूं लागलें. तारा षड्ज-पंचमांत लागल्या. म्हणजे चाल आली तशी राहिली आणि वाद्य बदललें. मुत्तुस्वामींचे शिष्य वडिवेलु ह्यांस त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ महाराजांनीं इ. स. १८३४ मध्यें हस्तिदंती फिडल दिलें.

इ. स. १८५५ मध्यें तंजावर खालसा झालें. दरबार मोडला, फिडल मात्र दक्षिणेंत गवयाच्या शेजारीं अजून बसतें.