मुधोळच्या पिलाची पारख

बंगळुरूत अगरा तलावाच्या काठी वसलेल्या एचएसआर लेआउटमध्ये कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं मनात आलं, की आधी परदेशी जातींची नावं पुढे येतात. त्याच कर्नाटकातल्या मुधोळच्या कुत्र्याला मात्र स्वतःचा इतिहास आहे.

मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान. मालोजीराजे घोरपडे यांनी शिकारीच्या या सडपातळ, वेगवान कुत्र्यांची पैदास जोपासली. त्यांनी पंचम जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असं सांगतात. महाराष्ट्रात हाच कुत्रा ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं.

पूर्वी घेणारा पिलाची आई बघायचा. तिचा बांधा, चाल आणि स्वभाव यांवरून पिलाचा अंदाज यायचा. ती पारख आजही तितकीच खरी आहे.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनी तिला कायद्याची जोड दिली. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

म्हणून नोंदणीपत्र मागा, लसीकरणाची नोंद तपासा, आई-पिलं राहतात ती जागा डोळ्यांनी बघा. पिलाचे डोळे स्वच्छ आहेत का, कान घाण वासाचे तर नाहीत ना, हाक मारल्यावर ते पुढे येतं का, हे पाहा. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथून पिल्लू घेऊ नका.