सोला टोपीचा उदय आणि अस्त

मराठ्यांच्या राजनीतीच्या जुन्या लेखनांत युरोपियनांसाठीं एक नेमका शब्द येतो: 'टोपीकर'. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रां'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस अशा सर्वांना या एकाच शब्दाखालीं गोळा करून त्यांच्याविषयीं सावध राहण्याची सूचना दिली आहे. धर्म, भाषा, जहाजें, तोफा हें सारें बाजूला ठेवून परक्याची ओळख त्याच्या डोक्यावरून पटवावी, हें त्या काळाला धरूनच होतें. पगडीच्या घाटावरून माणसाचा प्रांत, धंदा आणि दर्जा सांगतां येई असा तो समाज होता. परंतु आज्ञापत्रांतल्या टोपीकराची टोपी निराळी आणि पुढें सव्वाशें वर्षांनीं साहेबाच्या डोक्यावर चढलेली पांढरी, घुमटाकार, रुंद कांठाची टोपी निराळी. पहिली तो आपल्या देशाहून घेऊन आला होता. दुसरी त्याला बंगालच्या पाणथळ जमिनींत सांपडली.

तिचें नांव सोला टोपी. इंग्रज लोक पुष्कळदा तें 'सोलर' असें लिहीत, आणि सूर्याशीं संबंध असलेली म्हणून 'सोलर', अशी आपली समजूत करून घेत. वस्तुतः सूर्याशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. 'शोला' ही बंगालच्या तळ्यांत, खाचरांत, सांचलेल्या पाण्यांत वाढणारी वनस्पति. तिची तपकिरी साल सोलली म्हणजे आंत दुधासारखा पांढरा आणि अतिशय हलका गर लागतो. महाराष्ट्रांत ज्याला भेंड म्हणतात, ज्याचीं फुलें आणि बाशिंगें होतात, तोच हा गर. बंगालांत या गराचें काम मालाकारांच्या हातचें. त्यांची आख्यायिका अशी कीं, पार्वतीशीं लग्नाच्या वेळीं शंकरानें शुभ्र मुकुटाची इच्छा धरली, तेव्हां ही वनस्पति निर्माण झाली. पण विश्वकर्म्याला असल्या मऊ वस्तूचें काम साधेना, म्हणून पहिला मालाकार जन्माला आला. नवरदेवाचा उंच 'टोपोर', दुर्गेच्या मूर्तीचा साज, कदंबाचीं फुलें हीं सारीं याच गरांतून निघत. धारदार सुरीनें दांडा फिरवीत फिरवीत त्याचा पातळ, लांब पापुद्रा काढावयाचा, हें या धंद्यांतलें मुख्य कौशल्य. असे पापुद्रे साच्यावर खळीनें एकावर एक चिकटविले, वरून पांढरें कापड चढविलें, आंत हिरवें अस्तर लावलें, आणि डोकें व टोपी यांच्यामध्यें वारा खेळण्यास जागा ठेवली, कीं झाली साहेबाची टोपी. जो गर देवाच्या आणि नवऱ्या मुलाच्या मस्तकीं शोभे, तोच कलेक्टराच्या मस्तकीं जाऊन बसला.

या देशांत सावली ही नुसती सोय कधींच नव्हती. डोक्यावर छत्र असणें हें राजाचें लक्षण. 'छत्रपति' या पदवींतच तें आहे. अब्दागीर हा शब्द मूळचा फारसी 'आफ्ताबगीर', म्हणजे ऊन अडविणारा; पण मराठी दरबारांत एखाद्याला अब्दागिरीचा मान मिळाला म्हणजे त्याला ऊन लागूं नये एवढाच त्याचा अर्थ नसे. कंपनीच्या इंग्रजांनीं ही भाषा लवकर आत्मसात केली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मद्रासच्या कौन्सिलनें छत्री वापरण्याचा हक्क कौन्सिलचे सभासद, वखारींचे प्रमुख, जहाजांचे कप्तान, पाद्री अशा मोजक्या लोकांपुरता ठेवला. स्त्रियांनाही नवऱ्याच्या हुद्द्याची अट घातली. कनिष्ठ कारकुनाच्या डोक्यावरही तेंच ऊन पडत होतें, पण सावली त्याच्या दर्जांत बसत नव्हती.

अठराव्या शतकांत कित्येक इंग्रज घरीं सैल पायजमा आणि अंगरखा घालीत, हुक्का ओढीत, आणि या हवेला तो वेष मानवतो हें अनुभवानें जाणत होते. राज्य पक्कें झालें तसतसें हें मोकळेपण आटलें. १८३० सालीं कंपनीनें आपल्या नोकरांना सार्वजनिक समारंभांत देशी पोषाख करण्यास मनाई केली. सोला टोपीचा प्रसार यानंतरचा, विशेषतः १८४० नंतरचा आहे. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्या वेषानें ऊन सुसह्य होत असे तो आधीं निषिद्ध झाला. मग घट्ट गळ्याच्या, लोकरी, इंग्रजी वेषावर उन्हापासून बचावासाठीं एक टोपी चढविण्यांत आली.

बचाव हवा होता, यांत शंका नाहीं. १८५८ च्या उन्हाळ्यांत सर ह्यू रोज यानें झांशी घेतल्यावर काल्पीकडे कूच केलें. ७ मे रोजीं कूंच येथें त्याची तात्या टोपे यांच्या सैन्याशीं गांठ पडली. रोजच्या फौजेनें रात्रीं चौदा मैलांची चाल केलेली, पाण्याचा तुटवडा, आणि दुपारचें बुंदेलखंडी ऊन. त्या दिवशीं कित्येक गोरे शिपाई गोळी न लागतां मेले. खुद्द सेनापतीला एकापेक्षां अधिक वेळां घोड्यावरून उतरून आडवें व्हावें लागलें. प्रतिपक्षानें हें नीट हेरलें होतें. सकाळीं दहाच्या आधीं लढाई देऊं नये, कारण गोरे उन्हांत लढले म्हणजे मरतात किंवा इस्पितळांत जातात, अशा अर्थाचा त्यांचा एक हुकूम असल्याचें रोजनेंच आपल्या खलित्यांत नमूद केलें आहे. ऊन हें शस्त्र म्हणून वापरण्याचा इतका स्पष्ट उल्लेख क्वचितच सांपडेल.

त्याच वर्षीं ज्यूलियस जेफ्रीज या शस्त्रवैद्यानें हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्य कसें वांचवावें यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक नांवांतच योग्य कपडे, योग्य घरें, छावणीची योग्य जागा आणि शिपायांच्या मनाला उभारी, इतक्या गोष्टी आल्या आहेत. शिरस्त्राण हा त्याच्या विचाराचा केवळ एक भाग होता. पुढच्या पिढ्यांनीं मात्र तेवढाच भाग उचलला. वस्त्राच्या बाबतींत खरी सुधारणा झाली ती दुसऱ्याच वाटेनें: सरहद्दीवरच्या गाइड्‌स पलटणीनें १८४७ च्या सुमारास धुळीच्या रंगाचे सैल कपडे घेतले, आणि 'खाक' म्हणजे धूळ यावरून खाकी हा शब्द जगभर गेला. टोपीभोंवतीं जें कापड गुंडाळीत त्यालाही इंग्रजींत 'पगडी'वरून आलेलेंच नांव होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सोला टोपीचा एक आचारधर्म तयार झाला होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ती डोक्यावर हवीच. आकाश भरून आलें तरी हवी, हिंवाळ्यांत हवी. साहेबाचें मूल आयेबरोबर अंगणांत उतरलें आणि टोपी विसरलें, तर घरांत धांवपळ उडे. फॅशनही आली. चपट्या घाटाच्या टोपीला 'बॉम्बे बोलर' म्हणत, डुकराच्या शिकारीसाठीं 'कानपूर टेंट क्लब' नांवाची जाडजूड टोपी निघाली, मडमांसाठीं आणि मळेवाल्यांसाठीं एकांत एक बसविलेल्या दोन फेल्ट हॅटांची 'डबल तराई' आली. भेंड पावसांत भिजलें कीं लगदा होई, म्हणून लष्करानें बुचाचें शिरस्त्राण पसंत केलें. विलायतेहून येणारा नवखा तरुण पोर्ट सैदला उतरून सिमॉन आर्ट्‌सच्या प्रसिद्ध दुकानांत टोपी विकत घेई आणि बोटीवर परततांच चढवी; नोकरी संपवून परत जाणारा ती समुद्रांत फेंकून देई. सुएझच्या एका बाजूला जो सूर्य सौम्य, तो दुसऱ्या बाजूला प्राणघातक कसा, हा प्रश्न त्या बोटींवर फारसा कोणी विचारीत नसे.

उत्तर मागितलेंच तर शास्त्राकडून मिळे. १९०५ सालीं चार्ल्स वुड्रफ या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें फिलिपाईन्समधील अनुभवावरून असा सिद्धांत मांडला कीं, उष्ण देशांत गोऱ्या माणसाला मारतो तो ताप नव्हे, प्रकाश. सूर्याचे 'अ‍ॅक्टिनिक' किरण कातडी भेदून मज्जासंस्था जाळतात. मग डोक्यावर टोपी असून भागेना. पाठीच्या कण्यावर अस्तर घातलेली पट्टी बांधूं लागले. लंडनचे उष्णकटिबंधीय रोगांचे अभ्यासक साम्बन यांनीं तांबड्या आंतल्या बाजूचें 'सोलारो' नांवाचें कापड काढलें, तें शिंप्यांनीं उचललें. अमेरिकन लष्करानें फिलिपाईन्समध्यें शेकडों शिपायांना वर्षभर नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रें घालावयास लावून हा सिद्धांत तपासला. १९१० सालीं फेलन यानें निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्या वस्त्रांनीं फायदा कांहीं झाला नाहीं, उलट तीं अधिक गरम होत. एवढ्या सरळ प्रयोगानंतरही पाठीच्या पट्ट्या पुढें कित्येक वर्षें विकल्या जात होत्या. एखादी समजूत मानाला चिकटली म्हणजे पुराव्यानें सुटत नाहीं.

खरा शोध काळोखांत लागला. जॉन स्कॉट हाल्डेन हे इंग्लंडांतील कॉर्नवॉलच्या खोल खाणींत उतरून मजुरांची तपासणी करीत होते. तेथें सूर्याचा किरण पोंचणें शक्य नव्हतें, तरी दमट, उबट हवेंत काम करणाऱ्यांचें अंग तापे, नाडी धांवे. १९०५ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, माणसाला काय सोसवतें हें साध्या उष्णतामापकावरून कळत नाहीं; ओल्या फडक्यानें गुंडाळलेल्या उष्णतामापकाचा आंकडा पाहावा लागतो. तो सुमारें ८८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३१ अंश सेल्सियसच्या वर गेला, कीं घाम वाळेनासा होतो आणि शरीराला आपली उष्णता बाहेर टाकतां येत नाहीं. पुढें १९२३ सालीं कोळशाच्या खाणींतील मजुरांच्या अभ्यासावरून घामाबरोबर जाणाऱ्या मिठाचेंही महत्त्व स्पष्ट झालें. कैरीच्या पन्ह्यांत मिठाची चिमूट घालणाऱ्या गृहिणीला तें नवें वाटलें नसतें. म्हणजे कूंचला जे मेले त्यांचा घात मेंदूंत शिरलेल्या किरणांनीं केला नव्हता. तहान, थकवा, अंगावरचें ओझें आणि भर दुपारची मेहनत यांनीं तो केला होता. डोकें झांकणें चांगलेंच. पण डोक्याकडे लागलेल्या लक्षांत पाणी, विसांवा आणि सैल कपडे यांचा विसर पडला, आणि त्याची किंमत हुकूम सोडणाऱ्याला न पडतां रांगेंतल्या शिपायाला पडली.

मग ही टोपी इतकीं वर्षें टिकली कशी? जॉर्ज ऑर्वेल हा १९२२ पासून १९२७ पर्यंत ब्रह्मदेशांत पोलीस अधिकारी होता. १९४४ सालीं त्यानें या टोपीविषयीं जें लिहिलें त्यांतला मुद्दा मार्मिक आहे. गोऱ्यांची कवटी पातळ असते म्हणून त्यांना ऊन बाधतें, असें त्याला सांगितलें गेलें होतें. राज्य करणारा आणि राज्य सोसणारा यांच्या देहांतच फरक आहे, हें पटविण्यास अशी समजूत उपयोगी पडे, असें त्याचें म्हणणें. हें खरें वाटतें. कारण ज्यांचा दर्जा काठावरचा होता तेच या टोपीला अधिक घट्ट धरून राहिले. रेल्वेंत, तारखात्यांत नोकरी करणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना ती साहेबाच्या बाजूचें असल्याची खूण होती. देशी बॅरिस्टर आणि अंमलदारही ती घालीत. आणि त्याच रस्त्यावर डोक्याला मुंडासें बांधून, किंवा उपरण्याचा पदर घेऊन, भर दुपारीं खडी फोडणारा मजूर साहेबाला दिसत होता, तरी त्याच्या डोक्याचा विचार शास्त्रांत येत नव्हता.

या सर्व कथेंत एक अनपेक्षित साक्ष गांधीजींची आहे. १९२९ सालीं 'यंग इंडिया'मध्यें त्यांनीं युरोपियन पोषाखाचा समाचार घेतांना सोला हॅटचा मात्र कैवार घेतला. युरोपनें दिलेल्या थोड्या चांगल्या देणग्यांत त्यांनीं तिची गणना केली. लोकांचा हॅटविषयींचा तिटकारा आड आला नसता, तर तिच्या प्रसाराची खटपट आपण केली असती, असेंही सुचविलें. ज्यांच्या नांवाची पांढरी टोपी देशभर राष्ट्रीय बाण्याची खूण झाली होती त्यांनीं हें लिहावें, यांत विनोद आहे, पण निःपक्षपातही आहे. डोळ्यांवर, मानेवर सावली धरणारी हलकी वस्तु म्हणून ती वाईट नव्हतीच. तिच्यावर जो अर्थ लादला गेला होता तो वाईट होता, आणि सामान्य माणसाला वस्तु व अर्थ निराळे करतां येत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानें हा प्रश्न वादविवादाशिवाय निकालांत काढला. १९४२ नंतर हजारों अमेरिकन, ब्रिटिश आणि इतर सैनिक हिंदुस्थानांत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले. विमानतळांवर ते उघड्या डोक्यानें, पुष्कळदा उघड्या अंगानें काम करीत; जंगलांत मऊ फेल्टची हॅट घालीत. मेंदू शिजून कोणी पडला नाहीं. उष्माघात होत तेथें डॉक्टर पाणी, मीठ आणि विश्रांति यांकडे पाहूं लागले. ज्या टोपीशिवाय घराबाहेर पडणें हा प्राणाशीं खेळ मानला जाई ती थोड्याच वर्षांत हास्यास्पद झाली. १९४७ नंतर परतणाऱ्या बोटींवरून टोप्या समुद्रांत गेल्या, त्या पुन्हां विकत घेण्यासाठीं नव्हेत. १९५७ सालीं याग्लू व मिनार्ड यांनीं अमेरिकन नौसैनिकांच्या शिक्षणतळावरील अनुभवावरून ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक प्रसिद्ध केला. हाल्डेन यांचें ओलें फडकें त्यांत प्रमुख आहे.

टोप्यांचें काम गेलें, पण मालाकारांचें शोलाचें काम थांबलें नाहीं. बंगाली नवरदेव अजून टोपोर घालून बोहल्यावर जातो, आणि दुर्गेच्या मूर्तीला शोलाचा पांढरा साज चढतो.